अकराव्या मिनिटाची हजेरी

सव्वीस वर्षांत वेहबीने आपल्या क्लबचा एकही गोल पाहिला नव्हता.

ताश्लीबुरून गावच्या फुटबॉल मैदानात दर पंधरा दिवसांनी, रविवारी, तो असायचाच. पण खेळाकडे पाठ करून. एक पाय कुंपणाच्या लोखंडी नळीवर, एक हात सिमेंटच्या खांबाला, आणि तोंड प्रेक्षकांकडे. घोषणा देणाऱ्याचं कामच तसं असतं. चेंडू कुठे आहे ते तो माणसांच्या चेहऱ्यांवर वाचायचा. मानांची दिशा बघून कुठल्या बाजूने चढाई चाललीय ते कळायचं, आणि सगळ्यांची तोंडं उघडी राहिली की चेंडू खांबाला लागून गेला असं समजायचं. गोल झाला की समोरची माणसं एकदम उंच व्हायची. मग तो मागे वळायचा. तोवर समोरच्या संघाचा गोलरक्षक जाळीतून चेंडू काढत असायचा आणि वेहबीला त्याची वाकलेली पाठ तेवढी दिसायची.

गावात त्याला कर्णा वेहबी म्हणत. त्याचा आवाज बंदरावरच्या बोटींपर्यंत जातो असं सांगायचे. ते जुनं झालं. खाणीतली पंधरा वर्षं छातीत धूळ भरून गेली. एक्केचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी त्याला वर काढला, आणि तेव्हापासून तो लोकांच्या घरातल्या शेगड्यांची धुराडी साफ करायचा. म्हणजे काजळी काही सुटली नाही. बावन्नाव्या वर्षी त्याच्या आवाजाला फुटक्या पत्र्यासारखी धार आली होती. सामन्याच्या आदल्या दिवशी निगार, त्याची बायको, त्याला मध घालून लिंडनच्या फुलांचा काढा द्यायची. घसा बसला तरी गर्दीला चालायचं. गर्दी त्याच्या हाताकडे बघायची. हात वर गेला की तीन टाळ्या, आणि मग काळ्या-हिरव्या पट्ट्यांचे चार हजार गळे एकाच वेळी. काळा रंग कोळशाचा, हिरवा मागच्या डोंगराचा. क्लब खाणकामगारांनीच काढला होता, आजोबांच्या काळात. आता क्लबचा अध्यक्ष तोच होता जो खाणीचा मालक. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. खेळाडूंचे पगार कोणीतरी द्यायलाच हवे होते.

तीन हिवाळ्यांपूर्वी खाणीच्या चौथ्या थरात आग लागली. अकरा माणसं वर आली नाहीत. त्यांतला शेवटचा सापडलेला बेद्री, निगारचा धाकटा भाऊ, एकोणतीस वर्षांचा.

त्यानंतरच्या पहिल्या सामन्याला काय करायचं हे वेहबीने ठरवलं नव्हतं. तो नळीवर उभा राहिला, हात वर केला, आणि टाळीऐवजी तोंडातून नाव निघालं: रझा केसिम. कोणीतरी मागच्या रांगेतून उत्तर दिलं, "हजर." शाळेत देतात तसं, पाळी सुरू होताना खाणीच्या तोंडाशी देतात तसं. दुसरं नाव घेतलं तेव्हा अर्धं मैदान म्हणालं. अकराव्या नावाला, बेद्री अक्सूला, समोरच्या बाजूचे पाहुणेसुद्धा उभे राहिले होते. घड्याळात तेव्हा योगायोगाने अकरावं मिनिट चालू होतं. त्यानंतर प्रत्येक घरच्या सामन्यात अकराव्या मिनिटाला हजेरी व्हायची. मधेच गोल झाला तरी हजेरी थांबत नसे.

निगारने याबद्दल तीन वर्षांत एकदाच काही म्हटलं. तो सामन्याहून आला होता आणि ती कोबीच्या सुपात मक्याचा पाव कुस्करत होती.

"हजार माणसांत त्याचं नाव घेतोस," ती म्हणाली. "घरात कधी घेतलंस?"

वेहबीने पावाकडे पाहिलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बेद्रीचा फोटो टेबलक्लॉथच्या खणात उपडा ठेवलेला होता. त्याला सणाला बोलावल्यासारखं मैदानात बोलावायचं आणि घरी यायचं, हात धुवायचे, जेवायचं.

त्या शरद ऋतूत निवडणुकीची बोलणी सुरू झाली आणि अध्यक्षांच्या कक्षात मोठी मोठी माणसं येऊन बसायला लागली. अशाच एका रविवारी हजेरी संपल्यावर सगळं मैदान अध्यक्षांच्या कक्षाकडे वळलं, आणि मग सगळ्यांनी तिकडे पाठ केली. ते वेहबीने सांगितलं नव्हतं. पण नळीवर तो उभा होता. पंधरा दिवसांत कागद आला: अश्लाघ्य वर्तनाबद्दल पुढचा घरचा सामना पुरुष प्रेक्षकांविना. आणि वेहबीला वर्षभर मैदानबंदी.

बंदीची एक पद्धत होती. ज्याला बंदी आहे त्याने सामना सुरू होताना जवळच्या पोलीस चौकीत येऊन सही करायची. तासाभराने दुसरी सही. म्हणजे तो मैदानात नाही याची खात्री. चौकी ओढ्याच्या पलीकडे, मैदानाच्या पाठीमागे होती. गावात दुसरी चौकी नव्हती. त्यामुळे बंदी असलेला माणूस मैदानापासून दीडशे पावलांवर बसायचा आणि सगळं ऐकायचा.

आणि पुरुषांविना म्हणजे रिकामं मैदान नव्हे. या देशात अशा शिक्षेला बायका आणि बारा वर्षांखालच्या पोरांना फुकट आत सोडतात.

*

नेजाती बेय, म्हणजे नेजातीसाहेब, क्लबचा सरचिटणीस. खाणीच्या कचेरीतही त्याचं टेबल होतं. तो वेहबीकडे आला तेव्हा वेहबी दुकानाच्या पायरीवर धुराड्याच्या नळ्या ठोकत बसला होता.

"हात काळे आहेत, बेय. देत नाही."

"असू देत, वेहबी आबी. आपण सगळे काळ्यातलेच." थोरल्या भावाला म्हणावं तसं 'आबी' म्हणत नेजाती बेयने खुर्ची रुमालाने पुसली आणि बसला. "तब्येत काय म्हणते?"

"तब्येतीला विचारायला तुम्ही चढण चढून आलात?"

नेजाती हसला. मग त्याने चहा येईपर्यंत वाट पाहिली, आणि चहा आल्यावर साखर ढवळत राहिला.

"रविवारी टीव्हीवाले येताहेत. खासदार येताहेत. बायका, पोरं, कार्नेशनची फुलं, छान चित्र आहे. सगळा देश बघेल. अध्यक्षांचं एवढंच म्हणणं आहे की ते चित्र बिघडू नये."

"मी चौकीत असेन. माझ्याने काय बिघडणार?"

"तू चौकीत असशील. पण बायका तुझ्या बायकोकडे बघतील."

वेहबीने नळीवर हातोडी मारली. काजळीचा एक पापुद्रा पडला.

"तुझा तुंजाय कितव्या थरात आहे सध्या?" नेजातीने विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे."

"चौथ्या. हो ना." त्याने चहाचा घोट घेतला. "दिवाखोलीतला म्हातारा पेन्शनवर चाललाय. वरचं काम. उजेडातलं. अकराव्या मिनिटाला कोणी काही बोललं नाही, तर सोमवारी मी कागद टाइप करतो. यात काय वाईट आहे, आबी? मेलेल्यांची नावं एक रविवार राहिली तर ते रागावणार नाहीत. ते आपलेच होते."

वेहबीने पुढची नळी ओढून घेतली. तुंजाय त्याचा एकुलता मुलगा. आग लागली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो खाली उतरला, कारण गावात दुसरं काम नव्हतं. तो पहाटे जाताना निगार उठून दार उघडायची आणि तो वळणावरून दिसेनासा झाला तरी दार बंद करायची नाही. थंडीत सगळी उष्णता निघून जायची. वेहबी अंथरुणात कूस बदलायचा.

त्या संध्याकाळी त्याने तिला सांगितलं. ती जोडे पुसत होती, तुंजायचे.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. तू सांग."

"तू कर्णा. तू सांग."

"माझ्यात आता वाजायचं राहिलं नाही, निगार. खरं सांगतो. मला वाटतं, पोरगं वर येऊ दे."

तिने जोड्याची जीभ सरळ केली. "हे तुला तीन वर्षांपूर्वी वाटायला हवं होतं," एवढंच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून ती निघाली. नऊ घरं. प्रत्येक घरात चहा, प्रत्येक घरात तेच: या रविवारी नावं नकोत, माझ्या पोराचा प्रश्न आहे. एकीने दार लावून घेतलं, एकीने तिला मिठी मारली, एकीने विचारलं, "आमच्या पोरासाठी पण बघ ना काही जागा." पण शेवटी सगळ्यांनी हो म्हटलं. दहावं घर साती निनेचं, म्हणजे साती आजीचं. रझाची आई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. निगार तिच्या फाटकापर्यंत गेली. म्हातारी अंगणात हेझलनट वाळवत होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "ये गं. रविवारी मला घेऊन जाशील ना? मी कधी ऐकलंच नाही माझ्या पोराचं नाव. नातू येऊन सांगतो, आजी, आज पण घेतलं. मला एकदा माझ्या कानाने ऐकायचंय."

निगार म्हणाली, "नेईन."

आणि परत आली. वेहबीला तिने ते रविवारी सकाळी सांगितलं, रुमालाची गाठ मारताना. त्याने डोळे मिटून घेतले.

"तिला सांगितलं नाहीस?"

"तू सांग जाऊन. तुझे पाय चांगले आहेत."

*

चौकीतला हवालदार एर्दिंच कोन्याकडचा, सपाट मुलखातला. इथल्या चढणींना तो रोज शिव्या घालायचा. त्या दिवशी त्याच्या टेबलावर बुटांचं एक मोठं खोकं होतं आणि खोक्यात विणायच्या सुया. साठ-सत्तर जोड्या, प्रत्येकीला लोकरीचा धागा बांधून चिठ्ठी.

"हे काय?"

"दारावर जप्त केलं. पुरुषांकडून नाणी आणि लायटर काढतो, यांच्याकडे हेच सापडलं." एर्दिंचने एक जोडी उचलून प्रकाशात धरली. "साहेब म्हणाले, टोकदार वस्तू. एक बाई म्हणाली, मग माझी जीभ पण ठेवून घ्या. बस, आबी. सही कर."

वेहबीने सही केली. एक तीस. शिट्टी त्याच वेळी वाजली.

आत जे होतं ते सामन्यासारखं वाजत नव्हतं. शाळा सुटल्यासारखं वाजत होतं. चेंडू कोणाकडे आहे हे आवाजावरून कळेना. बायका दोन्ही संघांना टाळ्या देत होत्या. पडलेल्या माणसासाठी हळहळत होत्या, मग तो कुठल्याही शर्टाचा असो. पोरं तर सतत किंचाळत होती. लाउडस्पीकरवर खासदारांचं नाव घेतलं गेलं, तेव्हा पोरं त्यालाही किंचाळली.

"माझी पण आत आहे," एर्दिंच म्हणाला. "चार वर्षांची. तिला वाटतंय सर्कस आहे."

"आहेच."

भिंतीवरचं घड्याळ दोघांच्याही समोर होतं. दोघेही त्याच्याकडे बघत नाहीयेत असं दाखवत होते. एक चाळीस झाले. एक एक्केचाळीस. वेहबीचे हात मांडीवर होते. उजवा हात आपोआप थोडा उचलला गेला, तो त्याने डाव्याने धरला. आत गडबड तशीच चालू होती. एक बेचाळीस. एक त्रेचाळीस.

"गेलं," एर्दिंच हळूच म्हणाला.

"गेलं."

वेहबीला वाटलं होतं, काहीतरी वाटेल. सुटल्यासारखं, किंवा चोरासारखं. पण फक्त दमल्यासारखं झालं. बाकावर मान मागे टाकून तो बसला. तुंजायचा पहाटेचा डबा आठवला, दिवाखोलीची खिडकी आठवली, तिथे हिवाळ्यात सकाळी ऊन येतं. बरं झालं, असं त्याने स्वतःशी म्हणून पाहिलं.

एक सेहेचाळीसला मैदानातून एक आवाज आला. तो एकच शब्द होता, उंच आणि पातळ, शेकडो पोरांचा.

हजर.

त्याने डोळे उघडले. एर्दिंच हातातली सुई खोक्यात टाकायचं विसरला होता. मैदान शांत झालं होतं. मधे कोणीतरी काहीतरी म्हणत असावं, पण बाईचा एकटीचा आवाज ओढा ओलांडून येत नव्हता. फक्त उत्तर येत होतं. सकाळी वर्गात गुरुजींनी नाव घेतल्यावर पोरं देतात तसं, न विचारता, सवयीने.

हजर.

वेहबी बोटं दुमडत मोजायला लागला. तीन. चार. कोणाचं नाव कितवं हे त्याला कळत नव्हतं. त्याची स्वतःची ओळ ठरलेली होती, रझापासून बेद्रीपर्यंत. पण आतल्या बायका वेगळ्याच ओळीने चालल्या असाव्यात. मधली अंतरं कमी-जास्त होती. एका नावानंतर पोरं हसली. सात. आठ. नऊ.

दहा.

मग काही आलं नाही.

"दहा झाली ना, आबी?" एर्दिंच म्हणाला.

"तू मोजतोस?"

"दर वेळी. ड्यूटीवर दुसरं काय ऐकायचं?"

वेहबी उभा राहिला आणि खिडकीशी गेला. बाहेर ओढ्यात कोळशाच्या पाण्यावर बदकं होती. मैदानाची पाठ दिसत होती, राखाडी भिंत आणि वर हिरवा-काळा झेंडा. तिथे आत सगळ्या बायका आता कोणाकडे बघत असतील हे त्याला माहीत होतं. तो चेहरे वाचणारा माणूस होता. तिने नाव घेऊ नये असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं, आणि ती घेईल म्हणून त्याने श्वास धरून ठेवला होता. दोन्ही एकाच छातीत, तीही खराब.

शांतता इतकी लांबली की पंचांनी खेळ थांबवलाय की काय असं वाटलं. मग कुठेतरी एक पोर रडलं, कोणीतरी त्याला गप्प केलं, आणि हळूहळू गडबड परत सुरू झाली.

वेहबीने श्वास सोडला. खोकला आला. तो बराच वेळ खोकत राहिला.

*

"साती निने," निगार म्हणाली. ती मैदानातून आल्या आल्या शेवग्यासारख्या लांब शेंगा मोडायला बसली होती, कोटसुद्धा न काढता. छातीवर कार्नेशनचं फूल टाचलेलं होतं. "सारखं विचारत होती, आता घेतील का, आता घेतील का. मी म्हटलं, थांब. मग तिला वाटलं, विसरले. बिचारीला वाटलं, पुरुष नाहीत म्हणून कोणाला आठवत नाहीये. ती उठली. 'माझा धाकटा,' म्हणाली. नाव पण घेतलं नाही. आणि पोरांनी उत्तर दिलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं ना, की द्यायचं नाही."

"पोरांना सांगायचं राहिलंच."

"पोरांना कोण सांगणार." तिने एक शेंग मोडली. "मग त्या नऊ घरांतली सेल्मा उठली. मग बाकीच्या. तुझ्यासारखी नावं नाही कोणी घेतली. एक म्हणाली, 'आमचा घोरणारा'. पोरं हसली, पण उत्तर दिलं. एक म्हणाली, 'मला कॉफी करून देणारा'. त्या तुर्गुतला कॉफी करता यायची हे मला माहीत नव्हतं. तुला होतं?"

वेहबीने मान हलवली. पन्नासेक वेळा त्याने तुर्गुतचं नाव घेतलं होतं.

"दहा झाली," तो म्हणाला.

"मोजलीस?"

"सवय."

निगारने पुढची शेंग उचलली. "म्हातारीने माझं मनगट धरलं होतं," ती मग म्हणाली. "सगळ्या बघत होत्या. कॅमेरा समोर होता. मी खाली बघितलं. माझ्या बुटावर कोणीतरी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं टाकली होती. मी ती मोजली."

तो तिच्या कोटाचं फूल काढायला वाकला. टाचणी वाकडी बसली होती, निघेना. तिने त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः ओढून काढलं. कोटाला छोटं भोक पडलं.

मंगळवारच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. खासदार हसत होते आणि त्यांच्या शेजारी निगार, फूल लावून, खाली बघत. खाली लिहिलं होतं की ताश्लीबुरूनच्या मातांनी खेळाला आणि शांततेला कौल दिला. दहा नावांबद्दल कुठे काही नव्हतं. नेजाती बेयने फोन केला.

"ती दहा नावं मी वर कशी समजावली ते माझं मला माहीत. पण तुझ्या बायकोने तोंड उघडलं नाही हे सगळ्यांनी पाहिलं. शब्द म्हणजे शब्द. पोराला गुरुवारपासून दिवाखोलीत पाठव."

तुंजाय रागावला नाही, आनंदलाही नाही. खाली त्याच्याबरोबर असलेल्या पोरांनी दोन दिवस त्याची चेष्टा केली: "काय साहेब, ऊन लागत नाही ना?" मग विसरले. पाळीच्या सुरुवातीला तो एकेकाचा पितळी बिल्ला घ्यायचा, त्याच नंबरचा दिवा द्यायचा, बिल्ला फळीवर टांगायचा. फळीवर जितके बिल्ले, तितकी माणसं खाली. परत येताना उलट. एवढंच काम. निगार आता पहाटे दार लगेच लावायची. घर गरम राहायला लागलं.

एकदा जेवताना तुंजाय म्हणाला, "मामाचा नंबर तीनशे अठरा. त्या अकरा नंबरांचे दिवे कोणाला देत नाहीत. नवा माणूस आला की पुढचा नंबर देतात."

वेहबीने चमचा खाली ठेवला.

"पण चार्ज करून ठेवावे लागतात," तो म्हणाला. "म्हातारा ठेवायचा. मीही ठेवतो. बॅटरी खराब होते म्हणतात, रिकामी ठेवली तर."

निगारने त्याच्या ताटात आणखी पाव ठेवला.

*

पुढच्या घरच्या सामन्याला पुरुष परत आले. नळीवर आता हलीम न्हावी उभा होता. त्याचा गळा चांगला होता, पण हात घाईचा होता. चौकीत बसून वेहबीला ते ऐकू येत होतं. टाळ्या एकमेकींवर पडत होत्या.

सव्वा-दीडच्या सुमारास त्याने पहिली सही करायच्या आधीच दार उघडलं आणि निगार आत आली. डोक्यावर रोजचाच रुमाल.

"माझ्या सुया राहिल्यात," ती एर्दिंचला म्हणाली.

"निगार आब्ला, पंधरा दिवस झाले. सगळ्यांनी त्याच दिवशी नेल्या." त्याने खण उघडला. "तुमची एकच जोडी उरली होती. मला वाटलं, टाकून दिलीत."

"टाकायला काय झालं? चांगल्या आहेत."

तिने सुया घेतल्या, पण गेली नाही. वेहबीच्या बाकावर दुसऱ्या टोकाला बसली, पिशवीतून अर्धवट विणलेली बाही काढली. एर्दिंचने तिच्याकडे पाहिलं, वेहबीकडे पाहिलं, आणि शेगडीवर चहाचं भांडं चढवलं. वेहबीने सही केली. शिट्टी झाली. तिघांनी चहा घेतला. खेळाबद्दल कोणी बोललं नाही. एर्दिंच कोन्याच्या हवेबद्दल बोलला.

एक एक्केचाळीसला हलीमचा आवाज आला. रझा केसिम. आणि त्यामागून चार हजार गळे. खिडकीच्या काचा हलल्या. पुरुषांचं असं असायचं. नावं एकामागोमाग, न चुकता, वेहबीने लावून दिलेल्या ओळीने. तुर्गुतचं नाव आलं तेव्हा वेहबीला कॉफीचा वास आठवायचा प्रयत्न करावा लागला. दहा झाली.

अकरावं हलीमने घेतलं नाही.

वेहबीने घड्याळाकडे पाहिलं. हलीम विसरणारा माणूस नव्हता. मैदान गप्प होतं. टाळी नाही, शिट्टी नाही. कोणीतरी ठरवलेलं दिसत होतं, न्हाव्याच्या दुकानात, किंवा बायकांनीच घरी सांगितलं असेल. हा टोमणा होता की मान, हे त्याला चौकीतून कळेना. चेहरे दिसत नव्हते. अकराव्याची जागा मोकळी ठेवली होती, एवढं खरं. ज्याचं त्याने घ्यावं म्हणून.

निगारचे हात बाहीवर थांबले होते. तिने वर पाहिलं नाही. सुयांकडे बघूनच ती म्हणाली, कोणाला तरी शेजारच्या खोलीतून बोलवावं तशी:

"बेद्री."

एर्दिंचने मान खाली घालून नोंदवहीचं पान उलटलं, परत सरळ केलं.

वेहबीने तोंड उघडलं. सव्वीस वर्षं त्या घशातून बंदरापर्यंत आवाज गेला होता. आता खरखर निघाली, दोन माणसांच्या बाकापुरती.

"हजर."

बाहेर मैदान पुन्हा सुरू झालं. कोणीतरी ढोल बडवला. निगारने बाही गुडघ्यावर पसरून टाके मोजले, एक सुटलेला सापडला, तो सुईच्या टोकाने वर घेतला. दुसऱ्या सहीला अजून पाऊण तास होता. ती विणायला लागली.